तबिथाचा अबोला

गिदोनला बिबट्याने नेलं त्या सकाळपासून आमच्या तबिथाने देवाशी अबोला धरला. घरात ही गोष्ट सगळ्यांत शेवटी मला कळली, आणि घरातल्या उपासनेचा मुख्य मीच.

गिदोन म्हणजे आमचा कुत्रा. पिल्लू होतं तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली लपून बसायचं, म्हणून नऊ वर्षांच्या तबिथाने त्याला बायबलातल्या त्या आधी लपलेल्या आणि मग शूर झालेल्या माणसाचं नाव दिलं. माझे थोरले भाऊ शमुवेलदादा पुण्यात पाळक आहेत. कुत्र्याला असलं नाव शोभत नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, बदलतो. बदललं मात्र नाही, कारण दुसऱ्या कुठल्या नावाला तो कुत्रा येतच नव्हता. शूर व्हायचं तेवढं त्याचं राहूनच गेलं.

खोडदला मी रेडिओ दुर्बिणीवर इलेक्ट्रिशियन आहे. आमचं घर गावाबाहेर, तिन्ही बाजूंनी ऊस. वस्तीवर ख्रिस्ती घर आमचं एकच. शमुवेलदादांना याचीच काळजी. पोरांच्या अवतीभवती मंडळी नाही, संडे स्कूल नाही, महिन्यातून दोनदा जुन्नरच्या चर्चला मोटारसायकलवर चौघं कोंबून नेण्याने विश्वास रुजत नसतो, असं त्यांचं म्हणणं. मोहित आणि तबिथाला शिकायला आमच्याकडे पाठवा, हे ते तीन वर्षं सांगत होते. मी नाही म्हणायचो. घर हीच पहिली मंडळी, हे त्यांचंच प्रवचनातलं वाक्य मी त्यांच्यावर फेकायचो. एकदा फेकल्यावर मला ती मंडळी चालवणं भाग पडलं.

मी चालवली ती अशी. वचनांच्या चिठ्ठ्या पाण्याच्या फिल्टरवर चिकटवल्या. ओल्या हातांनी आठवड्यात त्यांचा लगदा झाला. वचन पाठ केल्यावरच टीव्ही, असा नियम केला. पोरांनी पवित्र शास्त्रातलं सगळ्यांत आखूड, दोन शब्दांचं वचन शोधून काढलं आणि आळीपाळीने महिनाभर तेच म्हटलं. पहाटेची प्रार्थना सुरू केली. चौथ्या दिवशी ती करता करता मला झोप लागली. सगळे डोळे मिटून वाट बघत राहिले, शेवटी मोहितने माझ्या वतीने आमेन म्हटलं आणि मला उठवलं.

टिकली ती फक्त संध्याकाळची प्रार्थना. दिवे लागले की चटई टाकायची, एक गीत, थोडं वाचन, मग आळीपाळीने एकेकाने प्रार्थना करायची आणि शेवटी मी. माझी प्रार्थना ठरलेली. घरापासून निघते, वस्ती, खोडद गाव, जुन्नर तालुका, पुणे जिल्हा असं करत देशाला वळसा घालून परत येते. 'आमच्या गुराढोरांचं, मुक्या प्राण्यांचं तू आजही रक्षण केलंस, म्हणून तुझे आभार' हे वाक्य त्यात साधारण जिल्ह्यानंतर येतं. पोरांना ती इतकी पाठ, की मी तालुक्यात असताना मोहित जांभई देऊन घेतो. जिल्ह्यात त्याला पुरेसा वेळ मिळत नाही.

तबिथाची प्रार्थना मात्र रोज नवी असे. शाळेतली मैत्रीण, गणिताचे सर, आजीचे गुडघे. गिदोनचं नाव शेवटी, कधी न चुकता. 'रात्री त्याला सांभाळ, तो भित्रा आहे.'

आणि एका सकाळी साखळी तुटलेली, उसाच्या कडेला रक्त.

त्या सकाळी मी ड्यूटीवर होतो. काय झालं ते वृषालीने, माझ्या बायकोने, मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. तबिथा रडली नाही. अंगणात उभी राहून तिने आईला विचारलं, मी रोज त्याचं नाव घेत होते ना? वृषाली म्हणाली, देवाची काहीतरी योजना असते. बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. ते वाक्य आपल्या तोंडून निघालं, का भिंतीवरच्या कॅलेंडरातून, हेच तिला कळेना. मग माझी आई, सारजाबाई, पुढे आली आणि म्हणाली, उगी, दुसरं पिल्लू आनू. तबिथाने विचारलं, आजोबा गेले तेव्हा दुसरे आणले का?

आई तडक गोठ्यात गेली. तिथे ती हसली का रडली, याबद्दल ती आजही दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगते.

तेव्हापासून तबिथा चटईवर बसायची, पण तिची पाळी आली की म्हणायची, मोहितदादा, तू कर. मला वाटलं, दुःख आहे, होईल कमी. मी तालुका-जिल्हा करत राहिलो. मुक्या प्राण्यांच्या वाक्यालासुद्धा अडखळलो नाही. पाठ असलेल्या माणसाला अडखळायला थांबावं लागतं, आणि मी कधी थांबतच नव्हतो.

तेवढ्यात भिकाबाबांची शंभरी आली. भिकाबाबा माझे पणजोबा. आमच्या घराण्यातला पहिला बाप्तिस्मा त्यांचा, जुन्नरला, शंभर वर्षांपूर्वी. त्याची उपकारस्तुती आमच्याच अंगणात करायची असं शमुवेलदादांनी ठरवलं. मे महिन्यातला रविवार. मंडप, भांडी, खुर्च्या जुन्नरच्या बदरुद्दीनभाईंच्या. ते माझ्या वडिलांचे दोस्त, त्यामुळे खुर्च्यांबरोबर तेही आले आणि पहिल्या रांगेत बसले. घराण्याची रीत अशी, की घरातल्या वाचता येणाऱ्या सर्वांत लहान लेकराने उपकाराची प्रार्थना करायची. म्हणजे तबिथाने.

आदल्या दिवशी दादा आले. पोरगी प्रार्थना करत नाही, हे वृषालीने त्यांना सांगून टाकलं. मला नाही, त्यांना. भाकरी थापता थापता ती त्यांना म्हणाली, की दादा, मी तीन वर्षं ह्यांच्या बाजूने नाही म्हणत आले, पण आता मलाच कळत नाही. तिला तुमच्याकडे न्या. तिथे तिच्याशी बोलणारं कुणीतरी असेल.

मी पाण्याचे जार उतरवत होतो. खिडकीतून सगळं ऐकू आलं. माझी बायको माझ्या मंडळीतून फुटली होती, आणि मला राग आला तोही तिचं बरोबर आहे म्हणून. मी आत जाऊन म्हटलं, आमच्या घरात बोलणारं कुणी नाही का? वृषालीने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही बोलता. रोज बोलता. पण आपल्या घराविषयी शेवटचं कधी बोललात?"

आईने मात्र बाजू बदलली. आजवर ती प्रत्येक वादात थोरल्याच्या बाजूने असायची. पाळक झालेला मुलगा म्हणजे तिला आकाश ठेंगणं. त्या दिवशी पोळपाट बाजूला सारून ती म्हणाली, "पोर कुठं जायाची न्हाई. रागावल्यालं माणूस घरातच बरं. पाव्हण्यांच्या घरी त्येला नीट रागावतासुदिक येत न्हाई."

उद्या बघू, एवढंच दादा म्हणाले.

रविवारी अंगण भरलं. आळेफाट्याहून, बोरी बुद्रुकहून, मंचरहून नातेवाईक आले. गावातले शेजारी आले. एकीकडे मटण शिजत होतं, दुसरीकडे न खाणाऱ्यांसाठी मसालेभात. दादांनी भिकाबाबांवर चांगलं प्रवचन केलं. मधे त्यांनी दुर्बिणीचा दाखलाही दिला, की या अँटेना आकाशातला बारीक आवाज ऐकतात, तसं आपण वगैरे. आमच्याकडे आलेला प्रत्येक पाळक हा दाखला देतो आणि त्या क्षणी तो आपल्यालाच सुचला असं त्याला वाटतं. मी मान डोलावली. मी तिथे फ्यूज बदलतो. मला आजवर काही ऐकू आलेलं नाही.

मग दादा म्हणाले, आता आपल्या घरातली सर्वांत लहान मुलगी प्रार्थना करील. सगळे उभे राहिले. टोप्या निघाल्या, पदर डोक्यावर गेले, डोळे मिटले.

मी मिटले नाहीत, म्हणून मला दिसली. तबिथा पुढे गेली. नवा फ्रॉक, दोन वेण्या. तिने माइक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "मी नाही करणार. तो ऐकत नाही."

माइक चांगला होता. बदरुद्दीनभाईंच्या वस्तू चांगल्याच असतात. वाक्य उसाच्या पार गेलं असावं.

डोळे उघडले. मंचरच्या आत्याने तोंडावर पदर धरला. दादा तबिथाजवळ गुडघ्यावर बसले आणि हळू आवाजात काही सांगू लागले. पाळकाचा आवाज, समजुतीचा, दुःखातल्या माणसांसाठी घासून गुळगुळीत झालेला. तबिथा ऐकत होती. त्यांचं झाल्यावर तिने फक्त मान हलवली. नाही. दादांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

मी पुढे झालो. मला प्रसंग निभावायचा होता, दुसरं काही नाही. तबिथाच्या हातातून माइक घेतला, डोळे मिटले आणि माझी प्रार्थना सुरू केली. तीच. घर, वस्ती, गाव. जीभ आपली आपण चालत होती आणि मला हायसं वाटत होतं, की निदान ही गाडी बंद पडत नाही. तालुका झाला. जिल्हा झाला. "आणि हे दयाळू बापा, आमच्या गुराढोरांचं, मुक्या प्राण्यांचं तू आजही रक्षण केलंस..."

"पप्पा, खोटं," तबिथा म्हणाली.

ती ओरडली नाही. गणित चुकलं की मोहितला सांगते तशी म्हणाली. मी थांबलो. त्या चटईवर इतकी वर्षं बसून पहिल्यांदा थांबलो, आणि पुढचं वाक्य काय ते मला आठवेना. जिल्ह्यानंतर काय येतं तेच कळेना. डोळे उघडावेत तर समोर दीडशे माणसं, मिटावेत तर आत काहीच नाही.

"खोटं बोललो," मी म्हटलं. कुणाला म्हटलं ते मलाही ठाऊक नव्हतं. मग माझं मलाच ऐकू येऊ लागलं. "तू रक्षण केलं नाहीस. आमची पोरगी रोज त्याचं नाव घेत होती. ती तुझ्याकडे दुसरं काही मागत नव्हती. मला कळत नाही तू असं का केलंस. तिला काय सांगायचं तेही कळत नाही. मी तिला काही सांगितलंच नाही, कारण मला भीती वाटली, की तिने आणखी विचारलं तर माझ्याकडे काही निघायचं नाही. मला तुझा राग आलाय. तिच्यासाठी आलाय. बाकी आज मला आठवत नाही."

प्रार्थनेला शेवट असतो, तो मला सापडेना. माणसं खाली माना घालून उभी. कुणाला कळेना की झाली का अजून आहे. इतक्या लांबलचक प्रार्थना करून आमेनवर अडकलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच असेन.

पहिल्या रांगेतून बदरुद्दीनभाई म्हणाले, "आमीन."

मग सगळ्यांनी म्हटलं. तबिथाने म्हटलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, वर्गात नवीन मुलगा आला की बघतात तशी.

पंगती बसल्या. मला कुणाच्या समोर जाववेना, म्हणून मी हात धुवायच्या पिंपाशी उभा राहून आल्यागेल्याच्या हातावर पाणी घालू लागलो. मंचरची आत्या हात धुता धुता म्हणाली, असं बोलतात का देवाला? दोन पावलं जाऊन परत आली आणि म्हणाली, माझ्या गुडघ्यांचं पण एकदा असंच बोल.

सगळ्यांत शेवटी दादा आले. त्यांनी हात पुढे केले, मी पाणी घातलं. हात स्वच्छ झाले तरी ते चोळतच राहिले.

"आमचा थोरला," ते म्हणाले, "दोन वर्षं झाली, जेवताना डोळे मिटत नाही. चर्चला येत नाही. मी विचारलं, रागावलास का? म्हणाला, नाही पप्पा, रागावण्यासारखं काय आहे." त्यांनी पुन्हा हात पुढे केले. "सोपान, त्याने भांडावं म्हणून मी प्रार्थना करतो रे. तुझी पोरगी भांडते तरी."

तीन वर्षं ते माझी पोरं मागत होते. आपल्या घरात जे जमलं नाही ते माझ्या घरात तरी होऊ नये, म्हणून मागत होते, आणि मी समजत होतो की ते मला कमी लेखतात. मी त्यांच्या हातावर पाणी घालतच राहिलो. शेवटी तेच म्हणाले, पुरे, पिंप रिकामं होईल.

पुण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. फक्त वृषालीला म्हणाले, सुट्टीत सगळेच या, चार दिवस. वृषाली हो म्हणाली.

तिकडे स्वयंपाकघरात आईने तबिथाला दुसऱ्या दिवसाचे तांदूळ निवडायला जवळ बसवलं होतं. आमच्या घरात रोजचा तांदूळ धुण्याआधी चर्चसाठी एक मूठ वेगळी काढतात. तबिथाने विचारलं, आजी, तू कधी रागावलीस त्याच्यावर? पुढचं मोहितने दाराआडून ऐकलं आणि मला सांगितलं, म्हणून ते मला ठाऊक आहे. आईला आठवली ती शमुवेलदादा आणि माझ्यामधली आमची बहीण. ती तापाने गेली तेव्हा चालती-बोलती होती. आमच्या घरात तिचं नाव फार निघत नाही.

"वरीसभर बोलले न्हाई त्याच्याशी," आई म्हणाली. "एक शब्द न्हाई. डोळं मिटायचे आन् आत गप बसायचे. मूठ तेवढी रोज काढत व्हते."

"का? राग होता ना?"

"सासूची भीती व्हती. लई कडक बाई. मूठ चुकली तर जेवण तोडायची. देवाला मी भीत नव्हते तवा. तिला भीत व्हते."

तबिथा हसली. कित्येक दिवसांनी, असं मोहित म्हणाला. मग तिने विचारलं, आणि परत कधी बोललीस?

"त्ये काय ठरवून न्हाई गं. एक दिस मूठ काढताना तोंडातनं निघालं, हे घे. बास. तेवढंच. दुसऱ्या दिशी आनि काय बोलले आसन." आईने तांदळातला खडा टिपला असावा. "राग तसा आजून हाय थोडा. त्यालाबी ठाव हाय."

संध्याकाळपर्यंत माणसं पांगली. मंडप उतरला. बदरुद्दीनभाईंनी खुर्च्या मोजून टेम्पोत भरल्या आणि जाताना तबिथाच्या डोक्यावर हात ठेवला. दिवे लागले तसा मी सवयीने कोपऱ्यातली चटई उचलली आणि तशीच हातात धरून उभा राहिलो. सकाळी दीडशे माणसांसमोर देवावर रागावलेल्या माणसाने संध्याकाळी काय करायचं असतं, हे शमुवेलदादांच्या कुठल्याही प्रवचनात आलेलं नव्हतं.

वृषालीने चटई माझ्या हातातून घेतली आणि अंथरली. आई भिंतीला टेकून बसली. मोहित आला. तबिथा आली, बसली, पण डोळे उघडे ठेवून. गीत झालं, ती गायली नाही. वाचन झालं. मोहितने त्याची दोन वाक्यं म्हटली. तबिथाची पाळी आली, गेली. मग माझी.

मी डोळे मिटले. गाव, तालुका, जिल्हा सगळं जागेवर होतं, हात लांबवला की मिळण्यासारखं. मी हात लांबवला नाही. डोळे उघडून तबिथाला विचारलं, कुणासाठी करू?

तिने चटईची एक काडी उपसली. मला वाटलं, उठून जाईल.

"शेजारच्या काकांचं वासरू आहे ना," ती म्हणाली. "ते रात्री बाहेरच बांधतात."

"बरं."

"पण बिबट्यासाठी नाही करायची. सगळे प्राणी असं नाही म्हणायचं."

"नाही म्हणत."

मी पुन्हा डोळे मिटले. तेवढ्यात तिने माझी बाही ओढली.

"आणि पप्पा, त्याला सांगा, वासराचं मी सांगितलंय म्हणून. पण मी अजून बोलत नाहीये."

मी तसंच सांगितलं. वासराचं नाव मला ठाऊक नव्हतं, ते तिनेच मधे बारीक आवाजात सुचवलं. मग तिचा निरोप शब्दाला शब्द दिला, आणि आमेन म्हटलं.

"एवढ्यात झाली?" वृषाली म्हणाली. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते.